आषाढातली मेंदी

जुलै लागला की आमच्या मंचरच्या घराची बेल सकाळी सातलाच वाजायला लागते. दार उघडावं तर समोर बारावी झालेली एखादी मुलगी, तिच्या मागे तिची आई, आणि आईच्या मागे छत्रीचं पाणी पायरीवर निथळवत, चपला काढू की नको अशा विचारात पडलेले वडील. मुलीच्या हातात फाइल असते, आईच्या हातात पिशवी. फाइल मला कुणी दाखवत नाही. पिशवी मात्र चहा यायच्या आत दिवाणावर उलटी होते. दोन पंजाबी ड्रेस, एक साडी, कधी मामाच्या लग्नातला चमचमता घागरासुद्धा. मग मुलगी विचारते, "मॅडम, मुलाखतीला ह्यातलं काय घालू?"

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. कपड्यांशी माझा संबंध एवढाच, की ते मला रोज घालावे लागतात. पण नर्सिंग, समाजकार्य, वकिली, जिथे जिथे प्रवेशाआधी मुलाखत म्हणून काही असतं तिथे जाणाऱ्या मुली कशा कोण जाणे, आधी माझ्याकडे येतात. डिंगोऱ्याची येते, आहुप्याची येते. गेल्या वर्षी एक तर लोकरीचा कोट घेऊन आली होती. वडिलांनी हौसेनं नारायणगावात शिवून घेतलेला, आणि पावसाळी हवेत त्याला मेंढीचा वास येत होता. अर्धा तास त्या कोटाचं कौतुक करून मगच तो घरी ठेवून जा असं मला सांगता आलं.

शेजारचे सर हसतात. "अहो, अभ्यासाचं विचारा म्हणावं. कपड्यांत काय आहे?" सरांना हे म्हणायला सोपं जातं. मुलानं इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचला की झाला तो उमेदवार. त्या शर्टाला कुणी काही विचारत नाही. मुलीच्या अंगावरची प्रत्येक वस्तू मात्र तिच्या आधी बोलायला लागते. साडी नेसली तर लग्नाला आल्यासारखी दिसते, ड्रेस घातला तर शहराचं वारं लागलेली. बांगड्या वाजल्या तर नटवी, हात मोकळे दिसले तर घरात काही वाईट झालं का म्हणून चौकशी. टिकली लावली तर एक अर्थ निघतो, नाही लावली तर दुसरा, आणि तो दुसरा अर्थ आम्हा बौद्ध घरांतल्या मुलींना चांगला ठाऊक आहे. म्हणून मी सरांशी वाद घालत नाही आणि मुलींना हसतही नाही. एकेक कपडा हातात घेऊन नीट बघते. हे बघणं मी आईकडून शिकले.

आम्ही मूळचे डिंगोऱ्याचे, पण तेव्हा राहायला जुन्नरला होतो, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. दादा, म्हणजे माझे वडील, घाटघरच्या शाळेत शिक्षक होते. सोमवारी जायचे ते शनिवारी यायचे. घाटघर नाणेघाटाच्या तोंडावर. तिथला पाऊस जूनमध्ये मुक्कामाला येतो तो गणपती गेल्यावरच हलतो. जुलैत पुण्याला मुलाखतीला निघालेल्या तिथल्या मुलीची पहिली अडचण काय घालायचं ही नसायचीच. घातलेलं कोरडं कसं पोचवायचं, ही असायची. दादांनी त्यावर तोडगा काढला होता. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं आमच्याकडे यायचं, रात्री राहायचं, पहाटेच्या गाडीनं पुणं गाठायचं. त्यामुळे आमची आतली खोली जुलैभर कुणा ना कुणा मुलीची असायची. चुलीवरच्या दोरीवर परकर वाळत पडलेले, कोपऱ्यात ओल्या घोंगडीचा वास, आई कोळशाची इस्त्री फुंकतेय, आणि भिंतीकडे तोंड करून कुणीतरी पाठ करतंय, "मला रुग्णांची सेवा करण्याची लहानपणापासून आवड आहे." हे वाक्य सगळ्या मुलींचं सारखंच असायचं. मलासुद्धा ते तोंडपाठ झालं होतं.

आईचं शिक्षण सातवीपर्यंत. तिनं जन्मात मुलाखत दिली नाही. पण तिचा नियम पक्का होता. "बसल्यावर सारखं वढावं लागतं ते कापड न्हाई घालायचं. भिजल्यावर अंगाला चिकटतं तेबी न्हाई. बाकी रंग कंचाबी घाला." एवढ्यावर ती थांबत नसे. मुलीला कपडे घालून खुर्चीवर बसवायची, उठवायची, स्टुलावर चढवायची आणि शेवटी मोरीतली पाण्यानं भरलेली बादली दारापर्यंत न्यायला लावायची. "कामाचं शिकाया निघालीस नव्हं? मग ज्यात काम व्हत न्हाई ते नेसून कशाला जाती?" मला तेव्हा त्या बादलीची फार लाज वाटायची. पुण्याला असं कुणी करत नाही, असं मी आईला सुनवायचीही. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी बादली नाही, पण दळणाचा डबा उचलायला लावतेच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाच्या एका जुलैत कांता आली. चौथीपर्यंत दादांच्या हाताखाली शिकलेली, पुढे आश्रमशाळेत राहून बारावी झालेली. माझ्याहून एका वर्षानं लहान, म्हणजे अठराची. पुण्यातल्या एका नर्सिंगच्या शाळेची मुलाखत होती. आवणीचे दिवस, म्हणजे भाताची रोपं खाचरात लावायचे. ती गाडीच्या वेळेपर्यंत चिखलात उभी होती आणि तिथूनच गाडीला आली होती. खताच्या गोणीतला प्लॅस्टिकचा कागद तिनं उलगडला, त्यात दाखले आणि पोपटी रंगाची जरीची साडी. दोन्ही कोरडं ठणठणीत. ती स्वतः मात्र केसांपासून निथळत होती.

"बा म्हनला, एक डाव जाऊन ये," तिनं आईला सांगितलं. "नंबर लागला तर शिक. न्हाई लागला तर दिवाळीनंतर पावणं बघाया येत्याल." रडगाणं नाही, तक्रार नाही. उद्याच्या एका दिवसावर तिचं सगळं होतं, आणि हे तिनं गाडी किती वाजता आहे ते सांगावं तसं सांगून टाकलं. मग विचारलं, "मावशी, भांडी हायती का घासायची?"

कपड्यांचा विषय मी हातात घेतला. माझ्याकडे पुण्याहून आणलेला नवा गुलाबी ड्रेस होता आणि तो कुणाला तरी द्यायच्या औदार्यानं मी फुलून आले होते. कांतानं तो घातला. ओढणी उजवीकडून सावरली की डावीकडून घसरायची. आई दोन मिनिटं बघत राहिली. "वढनी सांभाळंल का उत्तरं देईल?" झालं, माझा ड्रेस बाद. मी फुगून बसले. पोपटी साडीही बाद झाली, कारण मुलाखतीच्या पत्रात ‘साध्या पोशाखात’ असं लिहिलं होतं आणि त्या जरीत साधं काहीच नव्हतं. मग आईनं ट्रंक उघडली आणि तळाची पांढरी साडी काढली, बारीक निळ्या काठाची. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसायची ती. आईची सगळ्यात आवडती.

कांता अर्धं पाऊल मागे सरकली. "मावशी, रागावू नका. आमच्यात चांगल्या कामाला पांढरं न्हाई नेसत."

"आमच्यात तर नवरीच पांढरं नेसती, पोरी."

दोघी त्या साडीकडे बघत राहिल्या आणि एकदमच हसल्या. मला वाटलं, आता आई समजावणार. तिनं साडी परत घडी करून ठेवली. "नेसल्यावर धाकधूक व्हनार आसंल तर नको. आधीच घाबरल्यालं आसतं मानूस." आणि स्वतःची बाजाराला जायची आकाशी सुती साडी काढली, धुऊन धुऊन मऊ झालेली. कांतानं ती नेसून बादली उचलली, आणि आईनं तिला थेट गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ दिलं. परत आली तेव्हा पदर जागचा हलला नव्हता. आपली आवडती साडी नाकारली गेल्यावर इतक्या सहज दुसरी काढून देणं मला आजही जमत नाही. एक मुलगी माझ्या सूचनेला नको म्हणाली की दुपारपर्यंत माझं तोंड उतरलेलं असतं.

निऱ्या सारख्या करायला आई खाली बसली तेव्हा तिला कांताचे पाय दिसले. बोटांच्या बेचक्या केशरी झाल्या होत्या. हातांचीही बोटं तशीच. दिवसचे दिवस खाचराच्या पाण्यात उभं राहिलं की बोटांमध्ये चिखल्या होतात, कातडं पांढरं पडून फाटतं. त्यावर मेंदीचा पाला वाटून लावतात. आषाढात आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या निम्म्या बायकांचे हातपाय असेच रंगलेले असतात आणि त्याकडे कुणी वळून बघत नाही. "लई झोंबतं का?" आईनं विचारलं आणि पायाला वारा लागावा म्हणून माझे उघडे सँडल काढून ठेवले. आम्ही तिघींनी काठ बघितला, पिना बघितल्या, केसांचा भांग बघितला, नखंसुद्धा बघितली. मेंदी कुणीच बघितली नाही. आषाढात लग्नं होत नाहीत, तेव्हा आषाढातली मेंदी लग्नाची असू शकते हे आमच्या डोक्यात येणारच कसं?

सोबतीला आईनं मला धाडलं. पुण्याच्या त्या इमारतीत लांबलचक ओसरी होती आणि भिंतीला लावलेल्या बाकांवर मुली बसल्या होत्या. आमच्या शेजारी खेडची एक मुलगी आणि तिची मोठी बहीण. बहिणीची नजर कांताच्या हातांवर गेली. "अगं, मेंदी लावून आलीस? फॉर्म वाचला नाहीस का? मुलगी अविवाहित पाहिजे, आणि लग्न ठरलेलं असलं तरी चालत नाही. मागच्या वर्षी एकीच्या हातावर मेंदी दिसली, तर तेच विचारत बसल्या. तिचं नाव आलं नाही."

मी कांताला नळावर नेलं. साबण लावला, रुमालानं घासघास घासलं. मेंदी आणखीच लाल दिसायला लागली. मग मी माझी अक्कल चालवली. "आत गेलीस की हात पदराखाली घे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"ताई, झाकलं तर लपवल्यागत व्हईल."

"मी सांगते ते ऐक. मला पुण्याचं कळतं."

पुण्याला मी तोवर सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा कापड घ्यायला. कांता काहीतरी बोलणार होती, पण मी गुरुजींची मुलगी. तिनं मान हलवली.

तिचं नाव पुकारलं. पावसानं दार फुगलं होतं, ते नीट लागलंच नाही. फटीतून मला टेबलामागची तिघं दिसत होती. चष्मेवाले एक गृहस्थ, एक तरुण बाई, आणि मध्ये पांढऱ्या साडीतल्या मेट्रन, किडकिडीत, पन्नाशीच्या. कांतानं नमस्कार केला आणि बसताच हात पदराखाली घेतले. नाव, गाव झालं. "मला रुग्णांची सेवा करण्याची लहानपणापासून आवड आहे," कांता म्हणाली. मेट्रनबाईंनी ते वाक्य त्या दिवशी पंधरा वेळा तरी ऐकलं असणार. त्यांनी मानही वर केली नाही.

मग त्या म्हणाल्या, "हात का झाकलेस?"

कांतानं हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. मला ओसरीवरून पळून जावंसं वाटलं.

"लग्न झालंय?"

"न्हाई."

"ठरलंय?"

"ठरलं न्हाई. हितं नंबर न्हाई लागला तर दिवाळीनंतर पावणं येनार हायेत." पाठ केलेली भाषा कधीच सुटली होती. ती घरी बोलते तशी बोलत होती.

"मग ही मेंदी कसली?"

"औशिद हाय, बाई. आवणी चाललीया. पायालाबी हाय."

चष्मेवाले गृहस्थ हसले. ते हसणं मला आवडलं नाही. कांताला ते दिसलं की नाही, कोण जाणे. तिनं वाकून सँडल काढला. "दावू का?" गृहस्थ म्हणाले, "अगं, नको नको." पण मेट्रनबाई उठल्या होत्या. टेबलाला वळसा घालून आल्या आणि चक्क उकिडव्या बसल्या. कांताचा पाय हातात धरून त्यांनी बोटं एकेक करून फाकवून बघितली.

"ह्यानं बरं होतं?"

"आग कमी व्हती, कातडं घट व्हतं. पुरतं बरं न्हाई व्हत. सकाळी पाय पुन्ना पान्यातच की."

"कशी लावतेस?"

"आधी पाय धुवायचं, मग कोरडं करायचं, पार कोरडं. वल्यावर लावलं की आत पानी ऱ्हातं, आनखी सडतं. आमच्या वस्तीवरच्या बायांला मीच लावती सांजच्याला."

"सगळ्यांना लावतेस?"

"एका म्हातारीला न्हाई लावली. तिचा पाय सुजला व्हता, लाल झाल्याला, सूज वर चढत व्हती. तिच्या ल्योकाला म्हनलं, जुन्नरच्या दवाखान्यात न्या."

"का? मेंदी लावून बघायचीस."

"ते माझ्या हातातलं न्हाई, बाई. उगं लावली असती तर दोन दिस वाया गेलं असतं."

मेट्रनबाई पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या. "हात झाकायला कुणी सांगितलं होतं तुला?"

मी दाराच्या फटीपासून मागे सरकले. कांता म्हणाली, "माझंच चुकलं. पुन्ना न्हाई झाकनार."

बाहेर आल्यावर ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. निकाल संध्याकाळी पाचला फलकावर लागणार होता. आम्ही जिन्याखाली बसून आईनं दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. तिनं मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "तुमी माझ्या भल्याचंच सांगितलं व्हतं की, ताई." तिच्या ह्या समजूतदारपणानं मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच वाजेपर्यंतचे ते चार तास मी आयुष्यात विसरणार नाही. तिचा नंबर गेला असता तर तो माझ्या शहाणपणानं गेला असता, आणि तिनं तसं कुणाला सांगितलंही नसतं.

तेव्हापासून मुली आल्या की मी आधी त्यांचे हात बघते. कुणाच्या बोटांवर कांदाकाढणीचे घट्टे असतात, कुणाचा तळवा हिरड्यानं काळा पडलेला. आया ओशाळतात, म्हणतात, मॅडम, ह्याला काय लावू? मी म्हणते, काही नको. बाह्या मात्र मनगटाच्या वर ठेवा. कुणी विचारलं तर जे आहे ते सांग, तुझ्या बोलीत सांग. मी हे अगदी अधिकारानं सांगते. हा अधिकार कुठून आला ते मी त्यांना सांगत नाही, कारण त्यात माझी शोभा आहे.

पाचला शिपायानं यादी लावली. गर्दी फलकाला चिकटली. मी टाचा उंचावून खालून वर वाचत गेले, शेवटच्या नावापासून, आणि नाव सापडेना. कांतानं वरून वाचायला सुरुवात केली होती. तिचं नाव तिसरं होतं. ती ओरडली नाही, नाचली नाही. फक्त बोट त्या नावाखाली ठेवून उभी राहिली, मागच्या मुली ढकलेपर्यंत. रडले मीच.

शिवाजीनगरहून जुन्नरची गाडी मिळाली. बाहेर पाऊस धरला होता आणि आत सगळ्यांचे कपडे ओले होते. चाकण मागे गेल्यावर मी धीर करून विचारलं, "पाय दाखवताना लाज नाही वाटली तुला?"

"वाटली की. लई वाटली." "पन म्हनलं, हे पाय बघून ह्यांनी तोंड फिरवलं, तर ही शाळा मलाच नको. मग पावणं आल्यालं काय वाईट?"

एवढं बोलून ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. आदल्या दिवशी सकाळपासून तिची धड पाठ टेकली नव्हती. मंचर गेलं, नारायणगाव गेलं. जुन्नर येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.